तिसऱ्या कबरीचा चुना

त्या वर्षी मी देवाजवळ काहीच मागत नव्हते. रागाने नव्हे. माझ्या यजमानांची स्मृती जाऊ लागली होती, आणि मागण्यासारखं जे एकच होतं त्याला डॉक्टरांनी आधीच नाही म्हटलं होतं. मग मी प्रार्थनेत दिवसाची कामं सांगायची. आज दाढी करून दिली, गोळ्या आणल्या, उद्या गादी उन्हात टाकायची आहे. कारकुनाने साहेबांपुढे उभं राहून सांगावं तसं. पलीकडे कुणी ऐकतंय, असं वाटणं हळूहळू बंद झालं होतं. तरी सांगायची, कारण सवय मोडली तर सगळाच दिवस विस्कटेल अशी भीती होती.

मी मुळात शिस्तीची बाई. कामांची यादी केल्याशिवाय माझी सकाळ सुरू होत नाही. दुखणं घरात आलं तेव्हाही मी रडत बसले नाही, कामाला लागले. डब्यांवर नावं चिकटवली. बाहेरच्या दाराला वर, हात सहज पोचणार नाही अशी कडी बसवून घेतली. ह्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली. मुलगी रूथ नाशिकला असते. ती फोनवर म्हणायची, "मम्मी, कुणीतरी बाई ठेव गं." मी म्हणायची, "तिला शिकवेपर्यंत माझं काम उरकून होतं." चर्चमध्ये पाळकबाई सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ह्यांच्याकडून शिका जरा, ह्यांच्या घरात सगळं वेळच्या वेळी." बायका हसायच्या, मीही हसायची. पण अशा कौतुकाचा एक परिणाम होतो. वेळच्या वेळी चालणाऱ्या घरात डोकावायची कुणाला गरज वाटत नाही. पुढे ह्यांना सोडून उपासनेला जाणंही थांबलं, आणि रविवारी मी चर्चची घंटा स्वयंपाकघरातूनच ऐकू लागले.

त्याहून मोठं एकटेपण घरात होतं. ह्यांनी मला ओळखणं सोडलं होतं. त्रास काही देत नसत. उलट फार अदबीने वागत, मला 'बाई' म्हणत. संध्याकाळ झाली की दाराकडे बघत विचारत, "आमची घरची अजून आली नाही का हो, बाई?" मी म्हणायची, "अहो, मीच ती." त्यावर ते संकोचून हसत. परक्या बाईने थट्टा केली की सभ्य माणूस हसतो ना, तसं. त्या हसण्यानंतर मला जेवण जात नसे.

आमच्या छावणी भागातल्या कबरस्तानात ईस्टरच्या पहाटे उपासना असते. त्याआधी जो तो आपल्या माणसांच्या कबरी झाडून त्यांना चुना लावतो. मंडळीतली तरुण मुलं फाटकाशी पिंपात चुना भिजवून ठेवतात, आपण फक्त बादली आणि कुंचला घेऊन जायचं. हे दर वर्षी आदल्या शनिवारी स्वतः जायचे. आई-वडिलांच्या शेजारी शेजारी दोन कबरी. ते काम त्यांनी कधी दुसऱ्याला करू दिलं नाही. आता त्यांच्याच्याने व्हायचं नाही, म्हणून त्या वर्षी मी गुड फ्रायडेच्या आधीच मजुराकडून दोन्ही कबरी रंगवून घेतल्या आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला.

शनिवारी दुपारी मी मागच्या अंगणात गादी झटकत होते. आत आले तर स्टूल दाराशी ओढलेलं, वरची कडी काढलेली आणि दार सताड उघडं.

कोपऱ्यावरची पानटपरी, बसथांबा, त्यांचं जुनं ऑफिस, दवाखाना, सगळीकडे जाऊन आले. रिक्षावाल्याने विचारलं, "अंगात काय होतं त्यांच्या?" मी सांगितलं, निळा शर्ट. तो बिचारा निळा शर्ट शोधत मला बाजारातून दोनदा फिरवून आला. एवढ्यात घरी परतले असतील म्हणून घरी डोकावले, तर निळा शर्ट कॉटवर नीट घडी घालून ठेवलेला, चिठ्ठी खिशातच. चिठ्ठी घरात आणि माणूस बाहेर.

तिथून निघाले ती चर्चपाशी. दाराला कुलूप होतं, तशी पायरीवरच टेकले. पुढे पोलीस चौकीत जायचं हे मला कळत होतं, पण उठता येईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढचं काम सुचत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "प्रभू, माझ्याकडे आता काही उरलं नाही." ती काही चांगली प्रार्थना नव्हती. शेवटी आमेनही म्हटलं नाही. नुसती बसून राहिले.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. वळणावरून हे येताना दिसले. अंगात पेटीच्या तळातला जुना, चुन्याच्या डागांचा शर्ट, हात कोपरापर्यंत पांढरे. एका म्हाताऱ्या बाईने त्यांचा हात धरला होता. तिच्या दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

"सलाम, बाई," ती म्हणाली. "ह्ये भाऊ तुमच्या वळखीचे हायत का? घर इचारलं तर सांगता येईना. म्हटलं कबरस्तानात गावलेला माणूस, चर्चपाशी नेला तर कुणीतरी वळखंलच."

"माझे यजमान आहेत," एवढं बोलले आणि मला रडू फुटलं.

हे अस्वस्थ झाले. पुढे होऊन म्हणाले, "बाई, रडू नका. घरी चला, आमची घरची चहा करून देईल."

मीच चहा केला. त्या बाईचं नाव सगुणाबाई. वैजापूरकडच्या एका खेड्यातल्या. त्यांची आई फार पूर्वी इथल्या दवाखान्यात वारली आणि इथेच पुरली गेली. भाऊ होता तोवर तो येऊन चुना लावायचा. तो गेल्यावर कबरीकडे कुणी फिरकलं नव्हतं. कबरीवर नाव नाही, दगड नाही. शेवटची ओळ, कडुलिंबाच्या अलीकडची, एवढीच त्यांना खूण.

"जाऊन बघते तर ह्ये माझ्या आईच्या कबरीला चुना लावत बसलेले," त्या सांगू लागल्या. "म्हटलं, भाऊ, ही कुणाची? तर म्हणतात, माझ्या आईची. म्हटलं, नाय वो, माझ्या आईची हाय. तर म्हणले, मग दोघांची. धरा बादली!"

त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. तेव्हा मला उलगडलं. हे कबरस्तानात गेले, तेव्हा त्यांच्या दोन्ही कबरी पांढऱ्याशुभ्र होत्या. आपण तर अजून हात लावला नाही, म्हणजे ह्या आपल्या नव्हेत. असा हिशेब करून ते न रंगवलेली कबर शोधत शेवटच्या ओळीपर्यंत गेले असणार.

"लई दमले होते," सगुणाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, ऱ्हाऊ द्या आता, घरी जावा. तर म्हणले, उरकू द्या. ऱ्हायलं तर आमची घरची एकटीच येऊन करत बसंल. तिची कंबर दुखती. ती कुणाला सांगत नाय."

माझी कंबर दुखते हे मी खरोखरच कुणाला सांगितलं नव्हतं. रूथला नाही, डॉक्टरांना नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही. ह्यांनी ते कधी पाहिलं होतं आणि कुठल्या कोपऱ्यात जपून ठेवलं होतं, देव जाणे. माझं तोंड त्यांना ओळखू येत नव्हतं, पण माझी काळजी त्यांच्या आत शाबूत होती. मी कप विसळायच्या निमित्ताने उठले आणि बराच वेळ पाणी सोडून नळाशी उभी राहिले.

सगुणाबाईंची गाडी चुकली होती. त्या राहिल्या. ईस्टरच्या पहाटे आम्ही तिघं मेणबत्त्या घेऊन गेलो आणि आमच्या कबरींवर फुलं ठेवून त्यांच्या आईच्या कबरीपाशी उभे राहिलो. मंडळी गात होती. ह्यांना सगळी कडवी पाठ होती, मीच मधे मधे थांबत होते. नंतर सगुणाबाई जमेल तशा प्रभुभोजनाच्या रविवारी येत, ह्यांच्याजवळ बसत आणि मला चर्चला धाडत. मी शेजारणीलाही किल्ली दिली. रूथलाही सांगितलं, बघ एखादी बाई.

मी त्या पायरीवरून उठून चौकीकडे गेले असते तर आमची चुकामूक झाली असती का, ह्याचा मी कुणाशी वाद घालत नाही. मला बसवलं गेलं, एवढं मी जाणते, आणि त्यासाठी रोज आभार मानते.

आता हेही त्याच कबरस्तानात आहेत. त्यांची कबर मी स्वतः रंगवते, सगुणाबाई बादली धरतात, आणि कंबर दुखली की मी तसं बोलून दाखवते. पण त्या शनिवारनंतरच्या संध्याकाळी मला अजून जवळच्या वाटतात. ते दाराकडे बघत विचारायचे, "आमची घरची अजून आली नाही का हो, बाई?" मी त्यांना 'मीच ती' म्हणणं सोडून दिलं होतं. खुर्ची ओढून म्हणायची, "येईलच. तोवर मी बसते तुमच्याजवळ."

"बसा, बसा," ते म्हणायचे. "फार चांगली आहे ती. तुम्हाला आवडेल."