आमच्या आडनावातला ळ

आईच्या हातून पेटीवरचं अक्षर चुकलं, असं फॅक्टरीत कधी झालं नाही. लढाईचे दिवस होते, ओव्हरटाइम संपता संपत नसे. दारूगोळ्याच्या पेट्यांवर स्टेन्सिल धरून पांढऱ्या रंगानं अक्षरं उमटवायची, हे तिचं काम. "एक अक्षर चुकलं तर गोळा भलत्याच तोफेपाशी जाईल," म्हणायची.

बाबा आधीच्या लढाईत गेले तेव्हा मी पोटात होते. दिवसभर मी शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या काकींकडे वाढले. मीही त्यांच्यासारखी 'डोळा'ला 'डोला' म्हणायची. आईला वाटे, दात पडलेत म्हणून असेल.

मी चौथीत असताना कळलं, की नर्मदेकाठच्या स्मारकावर बाबांचं नाव कोरलंय. आईनं रजा काढली, ठेवणीतलं लुगडं नेसली. मला मात्र त्यानंतर भेडाघाटला बोटीत बसायचं होतं. दुसरं काही डोक्यात नव्हतं, खोटं कशाला सांगू!

स्मारक उंच काठावर होतं. खाली नर्मदा उन्हात चकचकत होती, लोक कठड्याला टेकून बघत होते. आईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं बोट संगमरवरावर एकेका नावावरून खाली सरकलं आणि थांबलं.

"हे काय? ल?" ती राखणदारावर उखडली. "भैया, नाम गलत लिखा है. हमारे में ळ है, ळ!"

तो बिचारा म्हातारा फौजी. हात जोडून म्हणाला, "दीदी, हमारी हिंदी में तो ये अक्षर होता ही नहीं."

"होता नहीं मतलब? आदमी तो था ना!"

लोक वळून बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवाय भेडाघाटची बोट चुकणार! मी तिचा पदर ओढला. "काहून भांडून राहिली, आई? बरोबर तर आहे." आणि ते आडनाव खणखणीत वाचून दाखवलं. ल लावून. हिंदी शाळेत रोज हजेरीला घ्यायचे तसंच.

आईचं बोट दगडावरून खाली आलं. माझ्या वह्यांवरही तेच लिहिलेलं होतं, पण ओव्हरटाइम करून आल्यावर ते बघायला ती जागी कधी होती? राखणदारानं तांब्याभर पाणी आणून दिलं. तिनं ते घेतलं, पण प्यायली नाही. तिचे डोळे भरून आले होते.

मग पायरीवर मला समोर बसवून म्हणाली, "म्हण. ळ."

"ल."

"जीभ मागं ने. वर टाळूला लाव अन् सोड."

"ड."

"अगं माझे बाई!" ती रडता रडता हसली. मलाही हसू आलं. किती वेळ ल आणि ड चाललं होतं कोण जाणे. बोट गेली ती गेलीच. आणि मग एकदम जीभ वळली, ळ आला.

तिनं मला हाताला धरून पुन्हा दगडापुढे उभं केलं. "आता वाच. मोठ्यानं. त्यांना ऐकू जाऊ दे."

मी वाचलं. बाबांना मी आयुष्यात पहिली हाक मारली, ती अशी, आडनावानं.