अमेरिकेची कॅप्सूल आणि तिसरी माळ

समस्त भाविक, भाऊबंद, सोयरेधायरे आणि फुकटचे सल्लागार यांना जाहीर करण्यात येते की, गेल्या नवरात्रात तिसऱ्या माळेला आमच्या आक्काच्या अंगात तुळजाभवानी आली नव्हती. त्या दिवशी ज्यांनी पाया पडून नोकरी, पाऊस, सून वा नातू मागितला असेल, त्यांनी आपापली मागणी माघारी घ्यावी. होणाऱ्या गैरसोयीबद्दल हा भाऊ दिलगीर आहे.

आक्का माझी थोरली बहीण. तुळजापूरच्या अलीकडं सात-आठ किलोमीटरवर तिचं गाव. दोन एकर द्राक्षं, तीन म्हशी आणि लग्नाआधीपासूनची अर्धशिशी. डोकं उठलं की ती पदराची घडी कपाळाला करकचून बांधायची, सुंठीचा लेप लावायची आणि अंधाऱ्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायची. म्हशी मात्र वेळेवर धार द्यायला उभ्या राहायच्या. मग ती उठायची.

तिचा मुलगा अमेरिकेत असतो. त्यालाही आईचंच डोकं मिळालंय. तिथल्या डॉक्टरनं त्याला दिलेल्या कॅप्सूलची एक बाटली सुट्टीत आला तेव्हा तो आईला देऊन गेला. पुढं येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर आणखी येत राहिल्या. अमेरिकेत डॉक्टरनं त्याला तपासलं होतं. आक्काला कुणीच तपासलं नव्हतं. पण एवढ्या लांबून विमानात बसून आलेली गोळी वाईट कशी असेल?

"काय लिवलंय रे त्याच्यावर?" आक्कानं बाटली माझ्यापुढं धरली. मी हायस्कूलवर इंग्रजी शिकवतो. असा प्रसंग मी सोडतो होय? चष्मा चढवला, उभा राहिलो आणि दाजींसह सगळ्या घराला बाटली वाचून दाखवली. डोकं दुखल्यास एक, चार तासांनी गरज पडल्यास आणखी एक. सोबत बारीक अक्षरांचा भलामोठा कागद होता. उलगडला तर जमिनीच्या नकाशाएवढा. "हे वकिलांसाठी असतं," मी म्हणालो. सगळे हसले. आक्कानं तो कागद ट्रंकेत साड्यांखाली अंथरला.

सुरुवातीला जादू झाली. अर्ध्या तासात डोकं हलकं, चेहरा प्रसन्न. ती महिन्यातून दोनदा घ्यायची. मग आठवड्यातून दोनदा, मग रोज. मजा अशी की पूर्वी महिन्यातून चारदा दुखणारं डोकं आता रोज सकाळी दुखत उठायचं आणि कॅप्सूल पोटात गेल्यावरच गप्प बसायचं. "माझं दुखणं वाढलंय," ती म्हणायची, "बरं झालं औषध हाय." पावसाळा सरता सरता ती दिवसाला सहा-सहा घेत होती. वर दुकानातून तापाच्या म्हणून आणलेल्या गोळ्याही. मला हे माहीत होतं. मी त्यावर एक विनोदही केला होता. तो इथं देत नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडं गेलो होतो. आक्काचे नऊ दिवस कडक उपवास. त्यात मीठ नाही, दाणा नाही, पायात चप्पल नाही. ती पाण्याबरोबर कॅप्सूल घेत होती आणि माझी जीभ वळवळली.

"आक्का, ह्याचं वरचं कवच कशाचं असतं ठाऊक हाय का? जनावराच्या हाडाकातड्याचं!"

मला वाटलं, सगळे हसतील. आक्कानं तोंडातली कॅप्सूल अंगणात जाऊन थुंकली, चूळ भरली, आंघोळ केली आणि बाटली गोठ्याच्या छपरात खोचली. "नऊ दिवस देवीचं करायचं आन् तोंडात हाडं? देवी बघून घेईल."

दाजी कौतुकानं म्हणाले, "बघा, ह्याला म्हणायचं सत्त्व."

दुसऱ्या माळेला तिला झोप नव्हती, हात थरथरत होते, अंगातून घामाच्या धारा. उपवासानं होत असेल, असं ठरलं. तिसऱ्या माळेला सकाळी मी आरतीला पोचलो. घटासमोर बसलेल्या आक्काचं अंग शहारलं, मान मागं गेली, डोळे पांढरे झाले आणि ती धाडकन आडवी झाली. हातपाय झटके देऊ लागले.

"आई आली!" शेजारची काकू ओरडली.

मग काय, हलगी वाजली. बायांनी मळवट भरला. कुणी तोंडाजवळ लिंबू धरलं. कुणी विचारू लागलं, "आई, आमच्या पोराचं लगीन कवा?" आणि हा इंग्रजीचा मास्तर? हळदीकुंकवाची ताटली हातात धरून उभा होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. आमच्या घरात देवी! जिला उभ्या जन्मात कुणी चहा विचारला नाही, तिच्या पायांवर माणसं पडत होती.

झटके थांबले. आक्काच्या तोंडातून फेसाबरोबर रक्त आलं. लुगडं ओलं झालं होतं. मी वाकून हाक मारली. ती मला ओळखत नव्हती.

"दाजी, गाडी काढा."

"आरती झाल्याबिगर हलवायचं न्हाय. आई कोपंल."

"दाजी, ओठ निळे पडलेत तिचे!"

दाजींनी निरांजन उचललं आणि आरती सुरू केली. आरतीच्या दुसऱ्या कडव्याला आक्काला पुन्हा झटका आला आणि लोकांनी टाळ्या आणखी जोरात वाजवल्या. मी ताटली फेकली, तिला उचलून शेजाऱ्याच्या जीपमध्ये मागं घातलं आणि त्याच्या पोराला चालवायला बसवलं. जाताना छपरातली बाटली तेवढी खिशात घालायचं सुचलं. रस्ताभर ज्योत घेऊन पळणारी पोरं, मागं त्यांचे टेम्पो, टेम्पोवर कर्णे. हॉर्न वाजवला की पोरं हात जोडायची. मळवट भरलेलं कपाळ माझ्या मांडीवर होतं आणि मी श्वास मोजत सोलापूरला चाललो होतो.

तिथं दवाखान्यात तिला तिसरा झटका आला. चार दिवस ती आतल्या खोलीत होती. दोन दिवस डॉक्टरबाई काहीच सांगायला तयार नव्हत्या. पाचव्या दिवशी आक्कानं मला नावानं हाक मारली. जीभ सुजलेली, शब्द बोबडे.

डॉक्टरबाईंनी मला आणि दाजींना समोर बसवलं, बाटली टेबलावर ठेवली.

"ह्यात डोकेदुखीच्या औषधाबरोबर बार्बिच्युरेट आहे. मेंदूला गुंगी आणणारं जुनं औषध. कधीमधी घेतलं तर वेगळं. रोज घेतलं की त्याच गोळीमुळं डोकं दुखायला लागतं आणि मेंदूला तिची सवय लागते. मग एका दिवसात बंद केली की मेंदू असा उसळतो. माणूस जातोसुद्धा. ह्यात पॅरासिटामॉलपण आहे, त्यावर तुम्ही दुकानातल्या गोळ्याही दिल्यात, म्हणून लिव्हर तपासतोय. बंद करायचंय, पण आमच्या नजरेखाली, थोडं थोडं कमी करत. घरी आपल्या मनानं द्यायची नाही, थांबवायची नाही. आणि दुसऱ्याच्या नावाची गोळी कुणी कुणाला देऊ नका."

मी मान खाली घातली. इतकं सोपं मराठी होतं. ट्रंकेतल्या कागदावरही बहुधा हेच असणार.

"काही विचारायचंय?" डॉक्टरबाईंनी दाजींना विचारलं.

दाजी खुर्चीत पुढं सरकले. आता हे विचारतील, ती जगंल ना, असं मला वाटलं.

"समदं पटलं मॅडम," दाजी म्हणाले, "पण म्या लोकांला मंगळवारी दर्शनाला या म्हणून सांगून बसलोय, त्याचं काय करायचं?"