आन्सगारची बारा कुत्री

ऑक्टोबरात दूर उत्तरेतल्या पास्विकच्या खोऱ्यात डबक्यांवर पापुद्र्याएवढा बर्फ धरू लागला, की आन्सगारच्या अंगात वारं शिरायचं. एकतीस वर्षं हेच चाललेलं. थंडी पडल्याशिवाय बर्फगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना लांब पळवता येत नाही, उकाड्यात पळवली तर तापून आडवी होतात. त्यामुळे सगळं खोरं हिवाळ्याच्या नावानं बोटं मोडत असायचं, तेव्हा हा गडी अंगणात नाक वर करून थंडी हुंगत उभा! शाळेची बस चालवायचा तेव्हाही पोरांना सोडून आला की घरात पाऊल न टाकता थेट कुत्र्यांकडे जायचा.

मार्चमधली बर्फगाड्यांची बाराशे किलोमीटरची शर्यत त्यानं सतरा वेळा केली. पहिला कधी आला नाही. नववा आला, तोही एकदाच. पण अर्ध्यावर सोडून परत आलाय असंही कधी झालं नाही, आणि हे तो कुणी न विचारता सांगायचा.

या वर्षी सगळंच बिनसलं. मे महिन्यात त्याच्या कानाच्या आत काहीतरी बिघडलं आणि तोल गेला. उभ्या उभ्या जमीन फिरायची. अंगणात तीनदा पडला, एकदा तर कुत्र्यांच्या सुपाच्या बादलीसकट. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "बरा होशील किंवा होणार नाहीस. पण बर्फगाडीवर उभं राहायचं नाव काढू नकोस."

म्हणून शरदातला सराव गुन्वोरनं हाती घेतला. गुन्वोर त्याची बायको. सतरा शर्यतींत तिनं काय केलं म्हणाल, तर सगळं केलं, फक्त गाडीवर पाय ठेवला नाही. सूप उकळलं, घाण उचलली, पंज्यांना मलम चोळलं, थांब्याथांब्यावर ट्रक घेऊन हजर राहिली. पेपरात फोटो यायचा आन्सगारचा.

बर्फ नाही तोवर बर्फगाडी नाही. चारचाकी मोटरबाईकला बारा कुत्री जुंपायची, इंजिन हळू चालू ठेवायचं आणि जंगलातल्या रस्त्यानं जायचं. ऑगस्टमध्ये पाच किलोमीटर, आता चाळीस. ती सकाळी निघायची. जुंपताना कुत्री असा गोंधळ घालायची की माणसाला माणसाचं ऐकू येऊ नये, आणि दोर सुटला की क्षणात चिडीचूप. ती शांतता आन्सगारला सहन व्हायची नाही. चार तास तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायचा, भिंतीला हात लावून. कॉफी करायचा, प्यायचा नाही, ओतून द्यायचा.

ती परत आली की सुरू व्हायचं.

"तिसऱ्या वळणावर हळू घेतलीस?"

"घेतली."

"मागच्या जोडीतली त्युत्ते ओढत होती?"

"ओढत होती."

"खरंच?"

"नाही रे, बसून मोजे विणत होती!"

शेजारचा रायडुल्फ कुत्र्यांना एल्क हरणाची हाडं टाकायला आला, तोही टोमणा मारल्याशिवाय राहिला नाही. "काय रे आन्सगार, कुत्री बारा होती ना? मला तेरावं दिसतंय. दाराशी बांधलेलं."

"चालता हो," आन्सगार म्हणाला, आणि तरी त्याला कॉफी दिली.

खरी गोष्ट अशी, की शर्यतीत नाव त्याचं लागलेलं होतं. बदलायचं तर रविवारपर्यंत कळवायचं होतं. गुन्वोरनं एकदाच विचारलं, "नाव बदलायचं का?" तो म्हणाला, "बघू." ती पुन्हा बोलली नाही. मार्चपर्यंत कान बरा होईल, दोर धरून उभं राहता येईल, असले हिशेब तो मनात मांडायचा आणि जिना उतरताना कठडा घट्ट धरायचा. नाव सोडलं तर मागे उरणार काय? एक म्हातारा बसवाला! ही भीती त्याला दिवसभर बसू देत नव्हती.

आणि त्याच्या डोक्यात एक खूळ बसलं होतं. ते रुस्कचं. रुस्क म्हणजे कुत्र्यांचा म्होरक्या. आई मेली तेव्हा हा मुठीएवढा होता. आन्सगारनं त्याला बाटलीनं दूध पाजलं, कोटात घेऊन झोपला. 'रुस्क तिच्यासाठी पळतो, पण मनापासून नाही,' असं त्यानं ठरवूनच टाकलं. वाटेत मी उभा दिसलो की तो थांबणार, म्हणजे सगळी थांबणार. मग बोलायलाच नको, नाव माझंच राहील.

शनिवारी गुन्वोर निघाली आणि हा काठी घेऊन दलदलीच्या आडवाटेनं निघाला. दोन किलोमीटर. एका पाइनचं खोड सोडायचं, दुसरं धरायचं. एकदा पडलाच, चांगला तोंडावर. शिव्या घातल्या, उठला, आणि परतीच्या रस्त्यावर वळणापाशी येऊन उभा राहिला. पाऊण तास उभा होता. पाय गारठले, नाक गळत होतं, पण छातीत असं धडधडत होतं जसं शर्यत सुटायच्या आधी धडधडतं.

मग ती आली.

आता बघा, एकतीस वर्षांत या माणसानं आपली कुत्री पळताना मागूनच पाहिली होती. पाठी, शेपट्या, उडणारा चिखल. समोरून येताना आज पहिल्यांदाच पाहिली. बाराच्या बारा माना खाली, जिभा बाहेर, दोर ताठ, एकही सैल नाही. पाय असे एका ठेक्यात पडत होते की त्याला मोटरबाईकचा आवाज ऐकूच आला नाही. इतकी देखणी आहेत ही?

आणि तेवढ्यात त्यानं ते केलं. दुसऱ्याच्या पळत्या कुत्र्यांना हाक मारायची नाही. इतकं हलकं काम आपल्याकडे कुणी करत नाही. आन्सगारनंच एका पाहुण्याला यावरून अंगणातून हाकललं होतं. पण त्यानं मारली.

"रुस्क!"

कुत्र्यानं त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं, शंकाच नको. एक कान वळला. दोर मात्र तसूभर सैल झाला नाही.

"वाट!" मागून गुन्वोर ओरडली. मोठ्यानं, अगदी परक्या माणसावर ओरडावं तसं.

आणि आन्सगार बाजूला झाला. विचार न करता झाला, मागून वेगानं येणाऱ्याला शर्यतीत देतात तशी वाट दिली. बाजूला दलदल होती, गुडघ्यापर्यंत आत गेला. बारा कुत्री जवळून गेली, बायको गेली, तिनं मान वळवली नाही. तो तिथेच चिखलात उभा. आधी संताप आला. गद्दार, बाटलीनं पाजलेला! मग संतापानंच त्याची फजिती केली, कारण डोळे भरून आले आणि कुणावर रागवायचं तेच सापडेना. कुत्रं उत्तम पळत होतं. मनापासून पळत होतं.

घरी यायला त्याला दीड तास लागला. गुन्वोर फाटकाशी उभी होती, तोंड पांढरं पडलेलं.

"ओळखलं होतंस मला?" त्यानं विचारलं.

"आंधळी आहे का मी?"

"मग थांबली नाहीस."

"एकदा कुत्री थांबवली असती तर त्या वळणावर दर खेपेला थांबली असती." मग तिचा आवाज चिरकला. "तुला काठीवर डुलताना पाहिलं, वाटलं आता हा पडणार, तोंडावर पडणार. सबंध रस्ता जीव खालीवर होत होता माझा. तरी थांबले नाही. आता काय बोलायचं ते बोल."

आन्सगारनं चिखलाचे बूट काढले. आत गेला, भिंत धरून फोनपर्यंत पोचला आणि शर्यतवाल्यांना म्हणाला, "नाव बदलायचंय. नाही, कुत्री तीच. माणूस बदललाय."

बाहेर आला तेव्हा ती अंगणात मलमाचा डबा घेऊन बसलेली. त्यानं तो तिच्या हातातून घेतला. साखळ्यांची रांग समोर होती, पहिलाच रुस्क, आणि तो त्याला पाहून साखळी ताणून नुसता नाचत होता.

"आधी कुणाचे पंजे बघू?" आन्सगारनं विचारलं.

गुन्वोरनं वर पाहिलं. सतरा शर्यतींत हा प्रश्न नेहमी तिचा असायचा.

"त्युत्तेचे," ती म्हणाली. "मागचा डावा."

त्युत्ते रांगेत शेवटची होती. आन्सगार रुस्कच्या अगदी जवळून गेला आणि थांबला नाही.