पिचकारीतलं बिऱ्हाड आणि कुलथे सर

गौरव अंकासाठी संपादकांचे तीन निरोप आले. तिन्ही वेळा 'लिहितोच आहे' म्हणालो आणि एकदा सोनईच्या बाजाराला, एकदा उगाच पैठणला निघून गेलो. एका जागी बसणं मला जमत नाही. आणि भिंगारचे आमचे कुलथे सर, जे यंदा साठीत येताहेत, त्यांनी उमेदीची वर्षं घालवली ती एका जागी बसणाऱ्या प्राण्यापायी!

ओळख सत्तर साली एसटीत झाली. मी सातवीतून शाळा सोडलेला, तिसगावहून कुठंतरी निघालेला. शेजारी सर, मांडीवर काचेची बरणी. कंडक्टर वाकून म्हणाला, "मास्तर, दारूचा वास येतोय."

"वास खरा आहे," सर म्हणाले, "पण पिणारे महाशय आत बसलेत."

गाडी हसली. मी बरणीला नाक लावलं ते नगर येईस्तोवर काढलं नाही.

आत स्पिरिटात बुडवलेला प्रवाळखडकावरचा प्राणी होता. चामड्याच्या बटव्यासारखा, दोन तोंडांचा. एकानं पाणी घ्यायचं, त्यातलं खाणं गाळायचं, दुसऱ्यानं पाणी सोडायचं. दाबला की चिळकांडी उडते, म्हणून आम्ही त्याला पिचकारी म्हणतो. पिल्लाला बेडकाच्या पिल्लासारखी शेपूट, तिच्यात कण्यासारखी काडी. खडकाला डोकं टेकलं की शेपूट विरते आणि जन्माची बैठक. "आपलाच लांबचा भाऊबंद," सर सांगतात.

त्याच्या पोटात इवली कोळंबी राहते. ती बाहेर येते-जाते, की जन्मभर आतच? सरांना एवढंच हवं होतं. गुडघा दुखू लागला तेव्हा त्यांनी मला मालवणला धाडलं. मी डझनभर पिचकाऱ्या आणल्या, बाजाराच्या रताळ्यांसारख्या घासून, पिळून, लख्ख.

"लई घान हुती सर. वर शेवाळ, आत किडे."

सर बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. "नामदेव, घर आणलंस रे, बिऱ्हाडं तेवढी धुऊन टाकलीस!"

रागावले नाहीत. बरणीवर डकवायची चिठ्ठी माझ्याच हातानं लिहवून घेतली, 'धुतलेले नमुने', खाली माझं नाव. ती बरणी अजून त्यांच्या फळीवर पुढच्या रांगेत आहे.

तेव्हापासून त्यांना स्वतः ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकावर उतरायचंय. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, ऐकत नाहीत. "पाय मोडून घ्याल. बघायचं ते बरणीत बघा."

"बरणीतली कोळंबी बाहेर येत नाही गं," सर म्हणतात.

शाल-नारळाची त्यांना हौस नाही. माझं मागणं एवढंच, की सरांना उदंड आयुष्य लाभो आणि त्या गुडघ्याला निदान एक ओहोटी पुरेल इतकं बळ.

इथवर लिहिलं आणि तिसगावला आमच्या दारात काकू उभ्या! भिंगारहून एकट्या आल्यात, हातात कॅनव्हासच्या बुटांचे दोन नवे जोड. उंबऱ्यातूनच विचारताहेत, "नामदेव, अमावास्येला मालवणात ओहोटी किती वाजता लागते रे?"