गाऱ्हाण्याचा नारळ

नारळ फोडला की खोबऱ्याचा ओला वास परदेशातल्या या स्वयंपाकघरातही पसरतो आणि मला देवबागचं घर आठवतं. मी निघालो त्या सकाळी, बॅगा दारात असताना, होडी विकून बसलेल्या बाबांनी देवापुढे नारळ धरून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माजो झील परमुलखाक जाता हा. हंय दर्यात आता कायएक रवला नाय. तेका थंयच सुखी ठेव, परत हाडू नको." जमलेले शेजारी म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आई तेवढी गप्प राहिली. सगळ्यांनी होकार दिल्याशिवाय नारळ फोडत नाहीत, म्हणून बाबा तो हातात घेऊन तिच्याकडे बघत थांबले. शेवटी तीही म्हणाली, "व्हय म्हाराजा." देवानं ऐकलं. ती गेली तेव्हाही मी इथेच होतो.