पाचवं घर

राजीनाम्याचा कागद तीन दिवस माझ्या पर्समध्ये पडून होता. कोरोनाची दुसरी लाट, धाराशिवच्या एका दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड. एकदा अंगभर पीपीई किट चढवलं की सहा तास पाण्याचा घोट नाही. लेकीला पाहून महिना झाला होता. आदल्या वर्षी गावानं आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या आणि घरमालकीण मला जिना चढू देत नव्हती. नर्सिंग मी हौसेनं घेतलं होतं. आता वॉर्डात शिरतानाच सुटायचे तास मोजायचे. तुळजापूर माझं माहेर, पण देवीपुढे हात जोडायचंही मी सोडलं होतं. त्या मंगळवारी ड्यूटी संपली की कागद मेट्रनबाईंच्या हातात द्यायचा, हे पक्कं होतं.

त्याच सकाळी माझ्या हातून चूक झाली. बेंबळीच्या एका आजींना जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. अर्ध्या तासानं पाहते तर डबा तसाच, आजींना दरदरून घाम आणि हात थरथरताहेत. गळ्यात कवड्यांची माळ होती. देवीची आराधी बाई मंगळवारी पाच घरी जोगवा मागितल्याशिवाय जेवत नाही, हे माहेरी लहानपणापासून पाहिलेलं. तरी आज मंगळवार म्हणजे जोगव्याचा वार, हे मला सुचलं नव्हतं.

"आजी, साखर उतरलीय. आधी हे ग्लुकोजचं पाणी घ्या."

"न्हाय बाई. पाच घरं झाल्याबिगर म्या तोंडात काय घालीत न्हाय."

मला रागच आला. डॉक्टरांना निरोप धाडला, शीर शोधली, पण दोन-दोन हातमोज्यांतून ती सापडेना. मग वाद घालत बसले नाही. डब्याचं झाकण उचललं आणि "आईचा जोगवा वाढा" म्हणत खाटोखाट फिरले. शुद्धीत असलेल्या चारच बाया होत्या. प्रत्येकीनं आपल्यातलं वाढलं. चपातीचा तुकडा, चिमूटभर भात, दोन शेंगदाणे. चौथीला बोलायचा दम नव्हता. तिनं उशाचं बिस्किट पुढं केलं. कित्येक दिवसांत मी ऑक्सिजनच्या आकड्यांऐवजी त्यांचे चेहरे पाहिले.

"चारच झाली, आजी. पाचवं घर कुठून आणू?"

"पाचवं तुजं."

"माझ्याकडं काय आहे? या किटला खिसासुद्धा नाही."

"उद्या येते म्हन. त्योच जोगवा."

राजीनाम्याचं मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पर्स तर बाहेर कपाटात होती. आजींचे डोळे मिटू लागले होते, तरी झाकण त्यांनी पुढं धरून ठेवलं होतं.

"येते," मी म्हणाले.

आजींनी झाकण कपाळाला लावलं आणि ग्लुकोज घेतलं. डॉक्टर धापा टाकत आले तेव्हा त्या बिस्किट चघळत होत्या.

बारा दिवसांनी आजी बऱ्या होऊन बेंबळीला गेल्या. त्यांनी नेमकं तेच मागितलं, याला कुणी योगायोग म्हणतं, मी वाद घालत नाही. राजीनाम्याचा कागद मी दिलाच नाही. पुढंही किट तेच होतं, थकवा तोच, आणि घरमालकीण काही सुधारली नाही. पण सगळ्यांना वाचवायचा भार मी उगाच डोक्यावर घेतला होता, तो त्या दिवशी देवीआईच्या पायाशी ठेवला. आजही ड्यूटी संपली की दारात क्षणभर थांबते आणि मनातल्या मनात "येते" म्हणते. तिनं माझ्याकडं एवढंच मागितलं, याचं मला अजून रडू येतं.