मिझेच्या खड्ड्यातला चुना

मिझे चुनेवालीची भट्टी गावाबाहेर होती. ओहोटीला पोवळ्याचा दगड फोडून आणायचा, खारफुटीच्या लाकडांवर रचून जाळायचा आणि पांढराफटक पडला की पाणी घालून खड्ड्यात मुरत ठेवायचा. गावातल्या बहुतेक दगडी घरांना चुना तिचाच होता. ती स्वतः मात्र कुडाच्या झोपडीत राहायची आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नसे. लेक सोमोए जन्मली तेव्हाच तिने अंगणात वेगळा खड्डा खणला होता. प्रत्येक भट्टीतली एक टोपली त्यात जायची. आमच्या बेटावर मुलगी सासरी जात नाही, नवराच तिच्या घरी नांदायला येतो. म्हणून मुलीला घर लागतं, आणि मिझेला ते दगडीच हवं होतं.

तिचा नवरा समुद्रात बुडाला तेव्हा लोक म्हणाले, आता ही खड्डा विकून खाणार. मिझेने खड्ड्यावर चार झावळ्या जास्त टाकल्या आणि भट्टी पेटवायला गेली.

पुढे सोमोएचं फाकीशी जमलं. फाकी गलबतावरचा खलाशी, पोरगा सरळ. पण त्याच्या वतीने बोलायचा त्याचा मामा हातिबू, म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, खारफुटीचे वासे बसले होते, त्यांच्यावर दगडी फरश्याही आल्या होत्या. आता फक्त वरचा चुना पसरून चोपायचा बाकी होता. तेवढ्यात हातिबू घर बघायला आला.

"काय गं मिझे, वारा फिरायच्या आत होणार का हे? वारा फिरला की गलबत फाकीला घेऊन निघणार, तुझ्या छतासाठी थांबायचं नाही."

"चुना तयार आहे, हातिबूभाऊ. चोपायला माणसं आली की झालंच."

"कशाला हा खटाटोप म्हणतो मी. पोरगी राहू दे आमच्याकडे. आणि हा खड्ड्यातला चुना मला दे. आमची ओसरी रखडलीय, आणि इतका मुरलेला माल सध्या कुणाकडे नाही."

मिझेला मनस्वी राग आला. बिनघराची बाई कशी जगते, हे तिने पाहिलं होतं. सगळ्यांचं जेवून झाल्यावर पानावर बसायचं आणि कुणाचाही आवाज चढला की आपणच उठून बाहेर जायचं. पण तिचा स्वतःचा आवाज चढला नाही.

"माझी लेक तिच्या घरात राहील. चुना तिच्या डोक्यावर जाईल."

"बरं. बघू चोपायला कोण येतं ते."

हातिबूने गावभर निरोप फिरवला. ठरल्या दिवशी सकाळी एकही पुरुष फिरकला नाही. एकटा काए गवंडी आला, तोही पडलेल्या चेहऱ्याने.

"आज राहू दे मिझे. पसरलेला चुना चोपल्याशिवाय वाळला तर भेगा पडतील, सगळा मातीत जाईल. पोरीच्या जन्मापासूनची कमाई आहे ही."

"मला नको सांगूस किती वर्षांची ते. पसर तू."

"आणि चोपणार कोण?"

"मी आहे. सोमोए आहे. तुला हात नाहीत का?"

काए पुटपुटत चुना पसरू लागला. मायलेकी चोपण्या घेऊन गुडघ्यांवर बसल्या. छत चोपायचं म्हणजे सगळं गाव दणाणायला हवं. इथे दोनच चोपण्यांचा आवाज, तोही मधेच थकणारा. शेजारच्या गच्च्यांवर मासे वाळत घालणाऱ्या बायका थांबून ऐकू लागल्या. त्या आवाजात काय कमी आहे, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

पहिली जिना चढून आली ती झेना, हातिबूची बायको. हातात चोपणी, पदर खोचलेला.

"सरक गं. कोपरा सुटतोय तुझा."

"झेना, तुझा नवरा काय म्हणेल?"

"म्हणू दे. ओट्यावर बसवून आलेय त्याला. माझ्या घरी पोरगी ठेवतो म्हणाला म्हणे. घर माझ्या आईने मला दिलंय, तो नांदायला आलाय. माझ्या छताला तुझा चुना आहे मिझे, आजवर एक थेंब गळला नाही."

तिच्या मागून तिच्या बहिणी आल्या, मग त्यांच्या शेजारणी. कुणीतरी गाणं धरलं, त्यात हातिबूचं नाव घातलं, आणि हसता हसता ठेका बसला. ऊन चढलं, बायका आळीपाळीने नारळाचं पाणी प्यायल्या, पण चोपण्या थांबल्या नाहीत. दिवस मावळेपर्यंत छत गुळगुळीत झालं होतं. मिझे तेव्हा रडली आणि कुणापासून तोंड लपवलं नाही.

वारा फिरला, गलबत गेलं, पण फाकी त्यावर चढला नाही. छताचा चुना घट्ट होईपर्यंत तो रोज पाणी आणून ते ओलं ठेवत राहिला. शेवटी काएने खालचे टेकू काढायला घेतले, तेव्हा मिझे आत जाऊन बरोबर मधोमध बसली. शेवटचा टेकू निघाला तरी छत जागचं हललं नाही.

लग्नाच्या दिवशी वरात दारात आली. पुढे हातिबू होता. त्याने सवयीने पाय उचलला, मग मिझेकडे पाहिलं.

"येऊ ना आत?"

"मला काय विचारता, भाऊ?" मिझे बाजूला झाली. तिच्या मागे सोमोए उभी होती.

"या मामा," सोमोए म्हणाली. "वहाणा तेवढ्या बाहेर काढा."